डेव्हिड ससून अफूचे व्यापारी होते, तर पुण्याच्या सरकारी रुग्णालयाला त्यांचं नाव अजून कशाला?

अफू विकली हे खरं आहे. तरी नाव काढू नये असं मला वाटतं, आणि ते त्यांच्या दानशूरपणाकडे बघून नाही.

बगदादचे हे ज्यू व्यापारी १८३२च्या सुमारास मुंबईत आले. कापूस, कापड, अफू, सगळ्यात त्यांचे हात होते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. तिथे तिच्यावर बंदी होती. दुसऱ्या अफू युद्धाच्या दडपणाखाली १८५८मध्ये ती उठवून घेतली गेली. त्यामुळे 'त्या काळी सगळं कायदेशीरच होतं' हा बचाव मला पटत नाही. त्याआधीची सगळी वर्षं चीनच्या कायद्यानं ती सरळ तस्करीच होती.

पण हा धंदा एकट्या ससूनचा कधीच नव्हता. अफू पिकायची शिंदे-होळकरांच्या मुलखात, पैसा लावायचे सावकार, आणि मुंबईतून जाणाऱ्या पेटीमागे कर घ्यायची कंपनी सरकार. सर जमशेटजी जीजीभॉय यांचीही मोठी कमाई याच अफूतून झाली. मात्र जे. जे. रुग्णालयाचं नाव बदला असं म्हणणारे मला फारसे भेटत नाहीत. ससूनच्या बाबतीत 'ज्यू' हा शब्द आवर्जून पुढे येतो, हे मला खटकतं. (तुमच्या प्रश्नात तो नाही, हे बरं.)

शिवाय डेव्हिड १८६४मध्ये पुण्यातच वारले. त्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. रुग्णालय पुरं झालं १८६७मध्ये. अफूत ससून घराण्याचा खरा दबदबा त्यानंतरचा, मुलांच्या काळातला. पीक हाती येण्याआधीच आगाऊ रक्कम देऊन त्यांनी माल असा बांधून घेतला, की जार्डिन मॅथेसनसारख्या बड्या पेढीनंही १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्यातून अंग काढून घेतलं. तेव्हा डेव्हिडना 'अफूसम्राट' म्हणणं म्हणजे मुलांचा हिशेब बापाच्या खात्यावर मांडणं. बाप निर्दोष होता असं मात्र नाही; एलियास या मुलाला १८४०च्या दशकात चीनला धाडलं ते त्यांनीच.

नाव पुसलं तर हा प्रश्न विचारायलाही कुणी उरणार नाही. त्यापेक्षा दारात मराठी फलक लावा: पैसा कुठून आला, अफू कुठे गेली, आणि त्यावर कर कुणी खाल्ला.