वाचकांचे प्रश्न : धातूच्या यो-योची घडण

गेल्या अंकात सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांविषयी लिहिताना यो-योचा उल्लेख ओघात आला होता. त्यानंतर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी धातूच्या यो-योबद्दलच विचारले आहे. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरात लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी कातण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. आम्ही यो-योही काततो. मुंबईहून आलेल्या भाच्याने ॲल्युमिनियमचा यो-यो दाखवला. तो खाली गेल्यावर कितीतरी वेळ तळाशीच फिरत राहिला. हा प्रकार कधीपासूनचा आहे आणि त्यात सतत नवे नवे काय काढतात?
– एक कारागीर, सावंतवाडी

उत्तर : तुमच्या आणि भाच्याच्या यो-योत धातूपेक्षाही मोठा फरक आसाचा आहे. लाकडी यो-योत दोरीचा फास थेट आसाभोवती असतो. यो-यो तळाशी फिरत असताना दोरी आणि आस एकमेकांना घासतात आणि थोड्याच वेळात वेग संपतो. भाच्याच्या यो-योत आसावर बॉल बेअरिंग बसवलेले असणार. दोरी बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर स्वस्थ राहते आणि फिरण्याचे काम आतले छर्रे करतात.

दोरी आसाला घट्ट न बांधता सैल फासाने अडकवण्याची रीत अमेरिकेत लोकप्रिय केली ती पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनी गृहस्थांनी. त्यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे यो-योचा कारखाना काढला, आणि तो पुढे डोनाल्ड डंकन यांनी विकत घेतला. ते सगळे यो-यो लाकडाचे होते. धातूच्या आधुनिक यो-योची गोष्ट सांगायची तर सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांच्यापासून सुरुवात करावी लागते. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘नो जाइव्ह’ नावाचा लाकडी यो-यो काढला. तो हाताने उघडून निराळ्या रीतीने पुन्हा जोडता येत असे आणि त्याचा झिजलेला आस बदलता येत असे. झिजणारा भाग वेगळा काढता आला पाहिजे, हा विचार कातकाम करणाऱ्याला लगेच पटेल. पुढे १९९० च्या सुमारास त्यांचा ‘एसबी-२’ आला, ज्यात ॲल्युमिनियमची काया, बॉल बेअरिंग आणि दोन फाकांमधील फट कमी-जास्त करण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. आजही धातूचा कोणताही यो-यो उघडला की या मांडणीची आठवण होते.

हा एसबी-२ १९९२ मध्ये ‘अटलांटिस’ यानातून अवकाशातही गेला. त्याआधी १९८५ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून प्लॅस्टिकचा यो-यो नेला होता, तेव्हा अंतराळवीरांच्या लक्षात आले की तेथे यो-यो तळाशी थांबून फिरतच नाही, तो लगेच दोरीवरून परत येतो. पृथ्वीवर त्याचे वजन दोरी ताणून धरते, म्हणून तो खाली थांबतो. अवकाशयानात ती ओढ जाणवत नाही. यो-यो कसा चालतो हे समजावून सांगायला याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता नवे काय काढतात ते पाहू. आजचा स्पर्धेचा यो-यो साधारण ५४ ते ५७ मिलिमीटर व्यासाचा आणि ६२ ते ६८ ग्रॅम वजनाचा असतो. आकार आणि वजन इतक्या अरुंद मर्यादेत असल्यामुळे रचनाकाराच्या हातात मुख्यतः एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हे वजन कोठे ठेवायचे. मध्यापासून १३ मिलिमीटरवर ठेवलेल्या एका ग्रॅमपेक्षा २६ मिलिमीटरवर ठेवलेला ग्रॅम फिरण्याच्या दृष्टीने चौपट जड पडतो, कारण अंतराचा वर्ग मोजावा लागतो. म्हणून मधला भाग जमेल तितका कोरून काढायचा आणि वाचलेले वजन काठाला न्यायचे, हीच गेल्या तीस वर्षांची धडपड आहे. दोन धातूंचे यो-यो त्यातूनच आले. ॲल्युमिनियमच्या कायेवर बाहेरच्या काठाला स्टेनलेस स्टीलची कडी दाबून बसवतात. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट घन असल्यामुळे थोड्याशा जागेत बरेच वजन मावते आणि तेही अगदी टोकाला. उलट बाजूने डंकन कंपनीने आपला प्लॅस्टिकचा ‘फ्रीहँड’ पुढे मॅग्नेशियममध्ये आणला, जो धातू ॲल्युमिनियमहूनही हलका आहे. अमेरिकेतील यूजीन येथील ‘वन ड्रॉप’ या यो-यो कंपनीने वजनाचा निर्णय चक्क खेळणाऱ्यावर सोपवला. त्यांच्या ‘साइड इफेक्ट्स’ या रचनेत आसाचे दोन्ही बाजूंचे तुकडे काढून त्या जागी ॲल्युमिनियम, पितळ किंवा टायटॅनियमचे तुकडे बसवता येतात. हे काम त्यांनी स्वतःच्या यंत्रशाळेत केले याला महत्त्व आहे, कारण जो स्वतः कातत नाही त्याला इतक्या बारीक जोडाची कल्पना सुचणे कठीण आहे.

खेळाडूच्या हाताप्रमाणे रचना कशी घडते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘योयोफॅक्टरी’चा ‘शटर’. हा अमेरिकी खेळाडू जेन्ट्री स्टाइन यांच्या नावाचा यो-यो, आणि २०१४ मध्ये प्राग येथे याच यो-योवर त्यांनी जागतिक स्पर्धेतील एकल प्रकार जिंकला. पुढे त्याची रुंद आवृत्ती ‘वाइड अँगल’ या नावाने आली. फाका रुंद केल्या की दोरी झेलायला जागा अधिक मिळते. खेळ ज्या दिशेने गेला, त्या दिशेने जुनी रचना सरकली, आणि माझ्या मते सुधारित आवृत्ती म्हणण्याचा अधिकार अशाच बदलाला आहे. केवळ नवा रंग चढवून नवे नाव देणाऱ्या वस्तूंना मी नवी रचना मानत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातील एका मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून धातूचा यो-यो मागवला, पण तो झटका देऊनही वर येत नाही. मुलगा फार हिरमुसला आहे. वस्तू सदोष आहे का?
– एक शिक्षिका, दापोली

उत्तर : वस्तू सदोष नाही, बाई. त्या मुलाला हे आजच सांगा. रुंद बेअरिंगचा यो-यो मुद्दामच असा बनवतात की तो झटक्याने परत येऊ नये, कारण दोरीवर गुंतागुंतीचे खेळ करताना तो मध्येच वर आला तर सगळा डाव मोडेल. त्यात भर म्हणून फ्रँक डिफीओ यांनी काढलेल्या ‘कॉन्केव्ह’ बेअरिंगसारख्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याचा, दोरी जेथे टेकते तो पृष्ठभाग मध्यभागी किंचित खोलगट असतो, त्यामुळे दोरी आपोआप मध्यभागी राहते आणि भिंतींना घासत नाही.

तो परत आणण्याची युक्ती निराळी आहे आणि तिला ‘बाइंड’ म्हणतात. यो-यो खाली फिरत असताना दुसऱ्या हाताच्या बोटाने दोरीचा एक पदर त्याच्या फटीखालून घालायचा, म्हणजे फटीत दोरी दुपदरी होते, फटीच्या दोन्ही भिंतींवर बसवलेल्या सिलिकॉनच्या चकत्यांना घासते, पकड बसते आणि यो-यो वर धाव घेतो. वेग पुरेसा असेल तर हाताला थाप जाणवेल इतक्या जोराने येतो. चार-पाच दिवस सराव केला की साधते. तरीही त्याला अरुंद बेअरिंग बसवून मिळाले तर सुरुवातीला बरे पडेल, कारण त्यात फट अरुंद होते आणि यो-यो झटक्याला साद देतो. रुंद बेअरिंग जपून ठेवावे, ते पुढे लागेलच.

प्रश्न : कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे टर्निंगचे वर्कशॉप आहे. असा यो-यो मला करता येईल का? कोणते ॲल्युमिनियम घ्यावे?
– एक टर्नर, कुडाळ

उत्तर : जरूर करता येईल, आणि कोकणातील कोणी तो करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात ६०६१ या मिश्रधातूने करावी. ७०७५ अधिक मजबूत आहे, त्यामुळे भिंती पातळ ठेवता येतात, पण महागही पडतो. टायटॅनियमच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नये. तो उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे सगळी धग टूलच्या टोकाशी साठते आणि टूल लवकर खराब होते.

खरी परीक्षा मात्र दोन फाका एकाच आसावर बसवण्यात आहे. प्रचलित बेअरिंगचे माप आत ६.३५, बाहेर १२.७ आणि रुंदी ४.७६ मिलिमीटर असते. ते ज्या खुंटीवर बसते ती जरा सैल झाली तर यो-यो थरथरतो, जरा घट्ट झाली तर बेअरिंग काढताना चिमट्याने ओढावे लागते. ही खुंटी आणि आसाच्या ग्रब स्क्रूचे (बिनडोक्याच्या स्क्रूचे) आटे एकाच पकडीत, काम चकमधून न काढता करावेत, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहील. थरथर बोटाच्या नखाने तपासतात. फिरत्या यो-योच्या काठाला नख अलगद टेकवले की सुबक यो-यो नुसता गुळगुळीत सरकतो, आणि मध्य चुकलेला असेल तर नखावर बारीक कंप उमटतो.

प्रश्न : समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यानंतर माझ्या यो-योचे बेअरिंग करकरते आणि काठावर पांढरे डाग पडले आहेत. काय करावे?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मालवण

उत्तर : ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ॲल्युमिनियमवर तयार केलेला संरक्षक थर शाबूत असेल तोवर खारा वारा ॲल्युमिनियमचे फारसे बिघडवत नाही. तो थर जेथे उडाला असेल तेथे डाग पडतात. माझा एक निळा यो-यो चिऱ्याच्या पायरीवर आपटला होता. काठावर तांदळाच्या कणीएवढा खळगा पडला, त्याची कड उभी राहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिने दोरीचे तंतू कातरले. मी १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ती कड सपाट होईपर्यंत हलक्या हाताने घासली, मग कापसाला खोबरेल तेल लावून ते तेथे टिपले. डाग वाढले नाहीत. तुमचेही डाग असेच थर उडालेल्या जागी असावेत.

बेअरिंग मात्र काढूनच साफ करावे. त्याच्या कडेची झाकणे उघडून ते पेट्रोल किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये धुवावे, पूर्ण सुकू द्यावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच लहान थेंब द्यावा. थेंब मोठा झाला तर यो-यो पुन्हा झटक्याने वर येऊ लागेल. पेट्रोल वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळ देवापुढचे निरांजन पेटते ठेवू नका.