दुसरे नाव घेतले म्हणजे मन दुभंगते का?

‘समूहात मी दुसऱ्याच नावाने लिहिते, हे दुभंग व्यक्तिमत्त्व तर नव्हे?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारी अनेक माणसे आवाज खाली आणून विचारतात. फोंड्याजवळच्या एका गावातील शिक्षिकेने तो विचारला, तेव्हा सोबत एक वहीही टेबलावर ठेवली. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहीत आहे.

संगीत नाटकांवर चर्चा करणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन समूहात त्या होत्या. सासरी देवळातल्या उत्सवी नाटकांची परंपरा होती, समूहात यजमानांचे काका होते, आणि आपल्या गोव्यात तर आडनाव सांगितले की गाव विचारतात, गाव सांगितले की घर ओळखतात. पदांच्या गायकीबद्दलचे मत त्यांनी एकदा धीर करून स्वतःच्या नावाने मांडले. कोणी लक्ष दिले नाही. मग त्यांनी डिचोलीचे एक निवृत्त हार्मोनियमवादक निर्माण केले. वहीत त्यांची माहिती शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलेली होती: वय ६८, डावा गुडघा दुखतो, चहा बिनसाखरेचा, पत्नी वारली, मजकुराच्या शेवटी ‘असो’ लिहितात. तेच मत या गृहस्थांनी मांडल्यावर काकांनी मनापासून दाद दिली.

“हे सगळे लिहिल्याचे तुम्हाला आठवते?” मी विचारले.

“शब्द न् शब्द, मॅडम.”

लोक ज्याला दुभंग व्यक्तिमत्त्व म्हणतात, त्या विकारात ओळख बदलण्यावर माणसाचा ताबा राहत नाही आणि स्मृतीत खंड पडतात. पुष्कळदा त्यामागे बालपणीचा तीव्र आघात असतो. असे खंड जाणवत असतील, तर विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत ती सोय आहे. या बाईंच्या बाबतीत तसे काहीच नव्हते. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने लिहीत, हे मी त्यांना आठवून दिले. नाव झाकलेले असले की संकोच गळतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली सविस्तर मांडले आहे. मात्र त्याच आडोशाने माणूस मन मोकळे करतो तसा दुसऱ्याला दुखावूही शकतो, हेही त्यांनी सांगितले आहे.

मला काळजी वाटली ती वहीतल्या ‘पत्नी वारली’ या दोन शब्दांची. समूहातील एका गृहस्थांची पत्नी नुकतीच गेली होती आणि आपले दुःख या माणसाला कळेल असे वाटून ते त्याला रात्री खासगी संदेश पाठवू लागले होते. बाई उत्तरेही मायेने देत होत्या. शिवाय एका वादात त्या हार्मोनियमवादकांनी शिक्षिकेच्या मताला दुजोरा दिला होता, म्हणजे लहानशा समूहात एकाच व्यक्तीची दोन मते मोजली गेली होती. टोपणनावाने मत मांडणे मला गैर वाटत नाही. पण ज्या खोट्या तपशिलावर विसंबून कोणी आपले खरे दुःख उघडे करतो, तो तपशील त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितले. समूहापुढे जाहीर कबुली देण्याची घाई मात्र करू नका, आधी त्या गृहस्थांना सांगा, असेही सुचवले. कारण चारचौघांत कळले असते, तर त्यांच्या दुःखाचीच चर्चा झाली असती.

बाईंनी त्यांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर आपले सगळे संदेश पुसून टाकावेत, एवढेच म्हणाले. बाईंनी ते पुसले, दुसरे खाते बंद केले आणि समूह चालवणाऱ्यांना एकाच व्यक्तीची दोन मते पडल्याचे कळवले. आता त्या स्वतःच्या नावाने लिहितात. काकांशी त्यांचा एका पदाच्या लयीवरून वाद चालू आहे, आणि सासरी तो कसा पेलायचा, यावर सध्या आम्ही बोलतो.