ब्रेक जड आणि इंजिन अडखळते : दुखणे एकच
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : माझी १९९७ सालची कार्बोरेटरवाली मारुती झेन आहे. पावसाळ्यापासून ब्रेकचे पेडल जड लागते. पणजीत सिग्नलवर थांबलो की इंजिन थरथरते, दोनदा बंदही पडले. घरी अंगणात मात्र ते व्यवस्थित चालते. गॅरेजमध्ये पॅड आणि शू बदलून झाले, कार्बोरेटरही दोनदा लावून घेतला. आता मेकॅनिक बूस्टर बदलायला सांगतात. महिन्यातून दोन वेळा चोर्ला घाटातून बेळगावला जाणे असते. काय करावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : सिग्नलवर उभे असताना आपला उजवा पाय ब्रेकवर असतो आणि अंगणात तो नसतो, एवढाच या दोन ठिकाणांत फरक आहे. पुढच्या वेळी सपाट रस्त्यावर सिग्नल लागला की हँडब्रेक ओढून पाय उचला. तेवढ्याने इंजिन शांत झाले, तर कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या भागाचा, यात काही दोष नाही. गॅरेजमध्ये इंजिन लावताना ब्रेकवर कुणीच पाय ठेवत नाही, म्हणून हा दोष तिथे सापडला नसावा.

ब्रेक बूस्टर म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या) मागे बसवलेला पत्र्याचा गोल डबा. त्यात रबरी पडदा असतो आणि इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेतून) नळीवाटे त्यातली हवा ओढली जाते. पेडल सोडलेले असताना पडद्याच्या दोन्ही अंगांना निर्वात असते. पेडल दाबले की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब आपल्या पायाला मदत करतो. पडदा फाटला असेल, तर हीच हवा फटीतून थेट इंजिनात जाते. त्यामुळे एकीकडे पेडल जड होते, दुसरीकडे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाल्याने इंजिन अडखळते; आणि पाय उचलला की हवेची वाटच बंद होते. पाय उचलूनही थरथर राहत असेल, तर मात्र संशय पडद्यापेक्षा नळीवर, तिच्या टोकाच्या रबरी बुशवर किंवा गंजलेल्या पत्र्यावर घ्यावा.

खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली सरकले पाहिजे. जागचे हलले नाही, तर मदत पोहोचत नाही. नंतर मिनिटभर इंजिन चालवा, पेडल दाबून धरा आणि तसेच धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल त्याच उंचीवर राहिले तर बूस्टर धरतो आहे. पायाला वर ढकलू लागले तर हवा गळते आहे. पेडल दाबताना क्षणभर होणारा फुसकारा स्वाभाविक असतो. पाय स्थिर ठेवूनही तो चालूच राहिला, तर तो ऐकण्यासारखा आहे, आणि त्यासाठी पंखा बंद करून डॅशबोर्डच्या खाली कान न्यावा लागतो.

आता नळी. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, बूस्टरकडचे टोक काढा आणि बोल्ट घालून घट्ट बंद करा. मग इंजिन सुरू करा. थरथर थांबली तर गळती बूस्टरमध्ये, नाही थांबली तर नळीत किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ. या अवस्थेत गाडी हलवू नये. नळी बोटांनी वाकवून पाहा : आपल्याकडच्या दमट, खारट हवेत आणि इंजिनाच्या उष्णतेत जुने रबर लाकडासारखे होते आणि क्लॅम्पच्या कडेलाच बारीक चिरते. नवी नळी निर्वातासाठीचीच घ्या, कारण साधी पाण्याची नळी आतल्या ओढीने चपटी होते. नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, फुंकून तपासता येतो. हवा इंजिनाच्या दिशेनेच जावी, उलट नव्हे.

बूस्टरच सदोष ठरला, तर तो नवा घ्यावा. आत जोरदार स्प्रिंग असते, त्यामुळे डबा उघडून पडदा चिकटवण्याचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. मात्र तत्पूर्वी मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून त्याची मागची बाजू पाहायला सांगा. तिथे ओल असेल किंवा खालच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सोलला असेल, तर ब्रेक ऑइल आत झिरपते आहे, आणि ते नव्या पडद्याचीही वाट लावील. बाहेर थेंब न दिसता डबीतले ऑइल कमी होत राहण्याचे कारणही बऱ्याचदा हेच. दुरुस्तीनंतर कार्बोरेटर पुन्हा लावावा लागेल, कारण मधल्या काळात तो गळती झाकण्यासाठी लावला गेला असू शकतो.

तोवर घाट टाळा. जायचीच वेळ आली, तर उतरणीवर खालचा गिअर ठेवा आणि पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी मुळीच सोडू नका. बूस्टर निकामी झाला तरी ब्रेक लागतो, पण कितीतरी पट जोर लावावा लागतो.

प्रश्न : माझी जुनी डिझेल गाडी आहे. हीच परीक्षा तिला लागू पडते का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पेडलच्या दोन्ही चाचण्या लागू पडतात. मात्र डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पुरेसा निर्वात नसतो, म्हणून त्यासाठी वेगळा पंप असतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागे असतो. त्यामुळे पेडल जड झाले, तर बूस्टरआधी पंप आणि त्याची नळी तपासून घ्या.