जर्मन समाजशास्त्रज्ञ सिमेलचं 'पैशाचं तत्त्वज्ञान' हे पुस्तक वाचताना पुढं सरकत नाही, आधी मार्क्स आणि समाजशास्त्रज्ञ वेबर वाचू का? आणि सत्तेबद्दल सिमेल काय म्हणतो?

अजिबात नको, फक्त पहिली तीन प्रकरणं आत्ता सोडा. पुस्तक १९०० सालचं, सहा प्रकरणं, पहिली तीन मूल्य म्हणजे काय, पैसा मुळात काय यावर, आणि बरेच जण तिथंच गळतात, एम.ए.ला मीपण दोनदा तिथंच थांबलो होतो. सरळ चौथं घ्या, व्यक्तिस्वातंत्र्याचं. तिथं तो सांगतो की जमीनदार कुळाकडं मध नाहीतर कोंबड्याच मागत असेल तर कुळानं काय पाळायचं हेपण मालकच ठरवतो, तेच नुसती रोख मागितली की मग कुळ मधमाश्या पाळू दे नाहीतर गुरं, मालकाला काय करायचंय.

हे वाचलं आणि मला आमचं करवीर तालुक्यातलं गावच दिसायला लागलं. आजोबांच्या वेळी न्हावीकाका वर्षभर घरातल्या सगळ्यांची हजामत करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं न्यायला यायचे, सूप आजोबांच्या हातात, किती घालायचं ते आजोबा ठरवणार, आणि लग्नाबारशाला बोलावलं की यायचंच, नाही म्हणायची सोय नाही. आज त्यांच्या नातवाचं कोल्हापुरात राजारामपुरीत सलून आहे, मी बसतो, झालं की स्कॅन करून पैसे टाकतो, उठतो. मी नाही गेलो तर त्याला दुसरी दहा गिऱ्हाईकं आहेत. पण त्याचे वडील वारले ते मला चार महिन्यांनी कळलं, गावात असं झालंच नसतं. सिमेल या दोन्ही गोष्टी एकदम धरतो, सुटका पण आणि तुटणं पण, म्हणून तो मला इतका जवळचा वाटतो. तरी जुनं किती छान होतं म्हणणाऱ्यांनी ते सूप आठवावं. शाहू महाराजांनी १९१८ ला गावकीच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवणारी महार वतनं बंद केली ती उगाच नाही.

सत्तेचं म्हणाल तर वेबरची व्याख्या साधी आहे, समोरच्याचा विरोध असला तरी आपलं म्हणणं तडीस नेता येण्याची शक्यता. सिमेल १९०८ च्या 'समाजशास्त्र' या ग्रंथात त्याच्या पुढचं बघतो, की खालचा माणूसपण वरच्याला वाकवत असतो. आमच्या वडिलांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. शेतकऱ्यानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की त्याचा गूळ आमच्याच दुकानात लागणार, म्हणजे तो बांधला गेला, बरोबर? पण सीझनच्या तोंडावर गुऱ्हाळावर चकरा वडीलच मारायचे, काहिलीजवळ उभं राहून पोरांच्या शाळेची चौकशी करायचे, कारण त्यानं रवे दुसऱ्या अडत्याकडं उतरवले तर उचल अडकली. हे मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय, अर्थ मात्र सिमेल वाचल्यावर लागला.

तर १९०३ चा महानगरावरचा निबंध आधी वाचा, एका बैठकीत होतो. मग चौथं, पाचवं, सहावं. पहिल्या तिन्हींकडं शेवटी या, आणि त्यांच्या आधी मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाचं पहिलं प्रकरण जमलं तर बघा, वस्तूचं मूल्य मार्क्स म्हणतो तसं श्रमातनं येतं का सिमेल म्हणतो तसं ती मिळवायला काय सोडावं लागतं त्यातनं, हा दोघांचा फरक तिथं नीट कळतो.