क्लासात सगळं कळतं, पेपरात काही सुचत नाही

सीएच्या फाउंडेशननंतरच्या, मधल्या इंटरमीडिएट परीक्षेचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य ऐकू येतं. कधी मराठीत, कधी गुजरातीत, कधी मुलाच्या तोंडून, कधी आईच्या. ‘क्लासात सगळं कळतं, घरी गणितं सुटतात, पेपर हातात आला की काही सुचत नाही.’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं: ‘मी या लाइनचा नाहीच बहुतेक.’ बावीस वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं आहे, की एकदा नीट लिहायलाच हवं असं वाटलं. त्यासाठी एका मुलीची हकीकत सांगते, तिची परवानगी घेऊन. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला अनुजा म्हणू.

अनुजा महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी कॉलेज, दुपारी सीएचा क्लास, संध्याकाळी हंसा मेहता लायब्ररी. दिवाळीच्या तोंडावर सप्टेंबरच्या परीक्षेचा निकाल लागला आणि वडील तिला घेऊन आले.

‘ताई, दहा-दहा तास बसते हो ही. गणपतीत आरतीला खाली उतरली नाही. आणि हे बघा.’ त्यांनी मोबाइल पुढे केला. अकाउंटिंग ४१, लॉ ५२, टॅक्स ४४.

ज्यांच्या घरात सीएचा विद्यार्थी नाही त्यांना हे मार्क पासाचे वाटतील. प्रत्येक विषयात ४० हवेत, ते आहेत. पण शिवाय ग्रुपची, म्हणजे या तीन विषयांच्या गटाची, बेरीज ५० टक्के लागते, म्हणजे ३०० पैकी १५०. अनुजाची बेरीज १३७. तिन्ही विषयांत पास आणि ग्रुपमध्ये नापास. दिवाळीच्या फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगता सांगता तिची आई थकून गेली होती.

वडील बाहेर गेल्यावर अनुजा म्हणाली, ‘फाउंडेशन पहिल्या अटेम्प्टला झालं तेव्हा बाबांनी सोसायटीत पेढे वाटले होते. मेमध्ये नापास, सप्टेंबरमध्ये नापास. आता जानेवारीला तर व्हायलाच हवं.’

पहिल्या दोन भेटी मी त्या ‘व्हायलाच’मधल्या ‘च’वर घालवल्या. माणूस घटनेने जेवढा खचतो त्याहून जास्त त्या घटनेला स्वतः जोडलेल्या हट्टाने खचतो, असं मानणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेतली मी. ‘पास व्हावं अशी फार इच्छा आहे’ आणि ‘पास व्हायलाच हवं’ यांत केवढा फरक आहे, ते तिला लगेच कळलं. हुशार मुलगी. वहीत लिहूनही घेतलं. पण लायब्ररीत बसल्यावर छातीत धडधडायचं ते धडधडतच राहिलं. नुसतं पटल्याने माणूस बदलत नाही हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, म्हणून तिसऱ्या भेटीला तिला म्हटलं, ‘पुस्तक, वही, कॅल्क्युलेटर घेऊन ये. तू घरी करतेस तसंच एक गणित माझ्यासमोर कर. मी मध्ये बोलणार नाही.’

कंपनीच्या अंतिम लेख्यांचं लांबलचक गणित होतं. तिने झरझर लिहायला घेतलं. अक्षर सुबक, रेघा पट्टीने मारलेल्या. मी पेनाकडे बघत होते, मग माझं लक्ष तिच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. डाव्या हाताची तर्जनी पुस्तकाच्या मागच्या एका पानात अडकवलेली होती. उजव्या हाताने दोन-तीन ओळी लिहून झाल्या की डावा हात ते पान हळूच उचलायचा, एक नजर, एक बारीकशी टिकमार्क, की पान खाली. चाळीस मिनिटांत अकरा वेळा. मी मोजलं.

‘अनुजा, ते बोट कशाला ठेवलंयस तिथे?’

तिने स्वतःच्या बोटाकडे असं पाहिलं की जणू ते आत्ताच तिथे उगवलं आहे. ‘उत्तर आहे तिथे. बरोबर चाललंय ना, एवढंच बघते.’

‘आणि नसेल बरोबर तर?’

‘मग लगेच सुधारते. वेळ वाया जात नाही.’

‘पेपरात काय करतेस?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग सांगितलं. सप्टेंबरच्या पेपरात ताळेबंद जुळला नव्हता. तो जुळवण्यात पाऊण तास गेला. हात घामाने ओले, आकडे पुसट दिसायला लागले, आणि येत असलेला एक अख्खा प्रश्न कोरा राहिला.

मला त्या क्षणी जे दिसलं ते आजही लख्ख आठवतं. ही मुलगी दहा तास अभ्यास करत होती हे खरंच होतं. पण त्या दहा तासांत चूक हातात घेऊन ती कधी दोन मिनिटंसुद्धा बसलेली नव्हती. शंका आली की बोट तिची सुटका करायचं. गणितं तिला येत होती, ‘अजून जुळत नाही’ ही अवस्था मात्र सोसता येत नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये नेमकं ते बोट काढून घेतलं जातं.

याला संशोधनाचाही आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुनःपुन्हा वाचायला दिला, आणि काहींना एकदा वाचून मग न बघता आठवायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे पुढे गेले. आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहील अशी खात्री जास्त कोणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना. ‘क्लासात सगळं कळतं’ ही तीच खात्री. फळ्यावर सर सोडवत असतात तेव्हा कळतंच. दुसरा पोहत असताना काठावरून पोहणं कळतं, तसं.

चौथ्या भेटीत पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि प्रश्नाचा फक्त फोटो तिच्यासमोर. पन्नासेक मिनिटांनी ती थांबली. ताळेबंद जुळत नव्हता. मालमत्तेची बाजू ५४० ने कमी.

‘ताई, एकदाच बघू द्या ना उत्तर.’

‘दहा मिनिटं हा फरक आहे तसा राहू दे. राहिला तर काय होईल?’

‘काही नाही होणार.’ डोळे भरून आले होते. ‘पण सहन होत नाही.’

हे वाक्य ऐकण्यासाठी मी तीन भेटी थांबले होते. आतापर्यंत ती ‘मला येत नाही’ म्हणत होती, आज पहिल्यांदा ‘सहन होत नाही’ म्हणाली. न येण्यावर क्लास हा उपाय आहे, सहन न होण्यावर नाही. मी म्हटलं, ‘मग आज गणित नको सोडवूस. फक्त सहन कर. मी बसलेय इथे.’

खाली रिक्षांचे हॉर्न चालू होते. तीन-चार मिनिटं ती नुसती आकड्यांकडे बघत राहिली. मग खांदे थोडे उतरले आणि ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘आजोबा म्हणायचे, आधी अर्धा कर.’

आजोबा बँकेत होते, कॉम्प्युटर येण्याआधीच्या काळात खतावण्या सांभाळायचे. फरक आला की ते घाबरायचे नाहीत, फरकालाच प्रश्न विचारायचे. आधी त्याचा अर्धा करायचा आणि तेवढी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट येतो. ते नाही निघालं तर नऊने भागायचं. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. जुन्या हिशेबनिसांना हे तोंडपाठ असायचं.

अनुजाने ५४० चा अर्धा केला, २७०. तशी रक्कम कुठेच नव्हती. मग नऊने भागलं. साठ, बाकी शून्य. ती ताठ बसली. बोट आता तिच्या स्वतःच्या वहीवरून खाली सरकत होतं, एकेक रक्कम प्रश्नाशी ताडून बघत. डेटर्सपाशी, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे त्यांच्या रकमेपाशी, थांबलं. प्रश्नात ४,८२०, वहीत ४,२८०.

ती हसली नाही की काही नाही. पेन्सिलने तो आकडा गोल केला आणि कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत बसली. ‘हे मी शोधलं,’ ती म्हणाली. त्या दिवशी आमचं पुढे काही बोलणं झालं नाही. गरजही नव्हती.

पुढचे दोन महिने आम्ही हेच वेगवेगळ्या तऱ्हेने केलं. घरी अडलं की किमान दहा मिनिटं उत्तर बघायचं नाही. दर रविवारी तीन तासांचा पूर्ण पेपर, हाताने लिहून, घड्याळ लावून. तिथे मात्र नियम उलटा: १०० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५. तेवढ्यात जुळलं नाही तर फरकाभोवती पेन्सिलने गोल आणि पुढचा प्रश्न. पायऱ्यांना गुण असतात, नुसता शेवटचा आकडा चुकला म्हणून सगळं जात नाही. घरी फरकापाशी बसून राहणं आणि हॉलमध्ये तो फरक मागे टाकून पुढे जाणं या दोन उलट गोष्टी वाटतात. पण दोन्हींना ताकद एकच लागते: न जुळलेलं घेऊन शांत राहता येणं.

जानेवारीला तिचा पहिला ग्रुप निघाला. अकाउंटिंगमध्ये ५८. ताळेबंद त्याही पेपरात जुळला नव्हता.

ही हकीकत ऐकून मुलं लगेच विचारतात, ‘मग ग्रुप एक भरू की दोन्ही?’ त्याचं सरसकट उत्तर नाही. दोन्ही एकत्र दिले तर बेरीज एकत्र धरण्याचा फायदा असतो, एका ग्रुपची कमी दुसऱ्याने भरून निघू शकते. एखाद्या विषयात ६० किंवा जास्त मिळाले आणि ग्रुप राहिला, तर त्या विषयाची सूट पुढच्या तीन परीक्षांपर्यंत चालते. तयारी बघून ठरवा, मित्राने काय भरलं ते बघून नको. इंटरमीडिएट आता वर्षातून तीनदा होते, चार महिन्यांत पुढची संधी येते. ही सोय आहे, तशी एक फसगतही आहे, कारण नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा त्याच पद्धतीने अभ्यासाला लागतात. आठ दिवस थांबा. उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, ती मागवून बघा, कुठे वेळ गेला ते कळेल.

आणि बी.कॉम. हलकं धरू नका. सीए सोडावंसं वाटलं तर कॉस्ट अकाउंटिंग आहे, कंपनी सेक्रेटरी आहे, एम.कॉम. आहे, बँकेच्या परीक्षा आहेत, आणि जीएसटीचं काम नीट येणारा माणूस कारखानदारीच्या या शहरात रिकामा बसत नाही. मार्ग बदलण्यात कमीपणा नाही. माझा आग्रह एवढाच, की तो निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. त्या आठवड्यात आपण करिअर निवडत नसतो, त्रासातून सुटका शोधत असतो. ते पानात अडकवलेलं बोटच असतं पुन्हा.

पालकांना मी एकच बदल करायला सांगते. ‘आज किती तास झाले?’ हे विचारणं बंद करा. तास मोजले की मुलं तास भरून दाखवतात. अनुजाच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला. ‘मग विचारू तरी काय, ताई?’ मी म्हटलं, ‘आज कुठे अडलीस, ते विचारा. आणि उपाय सांगू नका.’

डिसेंबरात त्यांचा फोन आला. ‘काल जेवताना विचारलं,’ ते म्हणाले. ‘मला त्यातलं काही कळलं नाही. पण भाकरी गार होईपर्यंत बोलत होती.’