‘सदोषपैकी लाल’ की ‘लालपैकी सदोष’? दोन गणितं, चूक एकच

तुमची दोन्ही गणितं पाहिली. आकडेमोड जवळजवळ बरोबर आहे, घोटाळा वाचण्यात आहे. आणि दोन्हीकडे तो एकच आहे, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

पहिलं गणित असं: सुट्या भागांपैकी २ टक्के सदोष असतात. तपासणी यंत्र सदोष भागांपैकी ९५ टक्के भागांवर लाल दिवा लावतं, पण चांगल्या भागांपैकी ६ टक्क्यांवरही चुकून लावतं. लाल दिवा लागलेला भाग सदोष असण्याची संभाव्यता किती? तुमचं उत्तर ०.९५.

हे ०.९५ कशाचं आहे ते बघा. ‘सदोष भागांपैकी’ किती लाल, याचं. प्रश्न विचारतोय ‘लाल भागांपैकी’ किती सदोष. मराठीत ‘पैकी’ हा शब्द ज्याला चिकटतो तो छेद. सशर्त संभाव्यतेची, म्हणजे ‘अमुक घडलं असताना तमुक’ची, निम्मी गणितं एवढ्यावरच सुटतात. ‘पैकी’ नसेल, तर ‘असताना’, ‘असल्यास’, ‘माहीत आहे की’ यांतलं काहीतरी असतं. त्याच्याखाली रेघ मारा आणि मगच पेन चालवा.

अशी संभाव्यता उलटी करणारं बेजचं सूत्र पाठ असलं तरी सुरुवातीला वापरू नका. १०,००० भाग घ्या. त्यातले सदोष २००, चांगले ९,८००. सदोषांपैकी लाल १९०. चांगल्यांपैकी लाल ९,८०० चे ६ टक्के, म्हणजे ५८८. एकूण लाल ७७८. उत्तर १९० भागिले ७७८, म्हणजे ०.२४४. लाल दिवा लागूनही चारातले तीन भाग चांगलेच निघतात! यंत्र वाईट आहे असं नाही, चांगले भागच इतके जास्त आहेत की त्यांचे ६ टक्के सदोषांच्या ९५ टक्क्यांना सहज झाकून टाकतात. मूळ प्रमाण, इथे २ टक्के, ज्या उत्तरात कुठेच वापरलं गेलं नाही ते उत्तर संशयास्पद समजा. तुमच्या ०.९५ मध्ये ते नव्हतं.

याच आकड्यांवर आणखी एक चूक होते, ती जाता जाता सांगतो. ‘सदोष आणि लाल’ची संभाव्यता काढताना काही जण ०.०२ ला लाल दिव्याच्या एकूण संभाव्यतेने, म्हणजे ०.०७७८ ने गुणतात. तसा गुणाकार घटना स्वतंत्र असतील तेव्हाच चालतो. इथे त्या स्वतंत्र असत्या तर यंत्र फेकून द्यावं लागलं असतं. बरोबर गुणाकार ०.०२ गुणिले ०.९५, म्हणजे ०.०१९. आणि ‘परस्परवर्जक’ म्हणजे ‘स्वतंत्र’ नव्हे, उलटच: एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, मग स्वतंत्र कसली?

संभाव्यतेतली आणखी एक नेहमीची जागा: ‘किमान एक’ दिसलं की १ मधून ‘एकही नाही’ची संभाव्यता वजा करा. एवढं पुरे, यात खोल काही नाही. फक्त वस्तू परत ठेवून काढताय की न ठेवता, ते पाहा. १० पैकी ३ सदोष आणि दोन काढायच्या असतील, तर न ठेवता १ − (७/१० × ६/९) = ०.५३३, परत ठेवून १ − ०.४९ = ०.५१.

आता दुसरं गणित. बाटलीवर ५०० मिली छापलंय. १६ बाटल्यांची सरासरी ४९६.६ मिली, नमुन्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८ मिली. यंत्र कमी भरतंय का, ५ टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे यंत्र ठीक असूनही त्याला चुकून दोष देण्याची जोखीम ५ टक्के धरून, तपासायचं आहे. तुम्ही झेड (५०० पासूनचा फरक भागिले सरासरीतला अपेक्षित चढउतार) −१.७ काढलात, पी-व्हॅल्यू ०.०४४६ घेतली आणि लिहिलंत, ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता फक्त साडेचार टक्के, म्हणून नाकारली.’ (शून्य परिकल्पना म्हणजे तपासणीसाठी आधी खरं धरलेलं विधान.)

बाटल्या जरा बाजूला ठेवू. नाणं १० वेळा उडवलं, ८ छापे आले. नाणं छाप्याकडे झुकलेलं आहे का? शून्य परिकल्पना: नाणं खरं आहे, म्हणजे छापा आणि काटा समसमान. बरोबर ८ छापे येण्याची संभाव्यता ४५/१०२४, म्हणजे ०.०४३९. ५ टक्क्यांच्या खाली, म्हणून बरेच जण इथेच ‘नाकारली’ लिहून मोकळे होतात. पण पी-व्हॅल्यू म्हणजे ‘मिळालं तितकं किंवा त्याहून टोकाचं’. ८, ९ आणि १० मिळून ४५ + १० + १ = ५६, म्हणजे ५६/१०२४ = ०.०५४७. नाकारता येत नाही. ‘त्याहून टोकाचं’ का धरायचं, असं वाटत असेल तर नाणं १,००० वेळा उडवून पाहा: नेमके ५०० छापे येण्याची संभाव्यतासुद्धा अवघी अडीच टक्के असते, मग प्रत्येक खरं नाणं खोटं ठरेल.

आता हे ०.०५४७ कशा‘पैकी’ आहे? नाणं खरं धरून केलेल्या प्रयोगांपैकी. छेदात ‘नाणं खरं आहे’ बसलंय. त्यातून ‘८ छापे आले असताना नाणं खरं असण्याची शक्यता’ काढणं म्हणजे ‘सदोषपैकी लाल’ला ‘लालपैकी सदोष’ म्हणणं. तुमच्या बाटल्यांच्या वाक्यात हेच झालंय. तिथे तर उलटं करायला लागणारं मूळ प्रमाणही कुणी दिलेलं नाही, त्यामुळे ‘परिकल्पना खरी असण्याची शक्यता’ या माहितीतून निघतच नाही.

बाटल्यांकडे परत. शून्य परिकल्पना: समष्टीची, म्हणजे यंत्र भरतं त्या सगळ्याच बाटल्यांची, सरासरी ५००. पर्यायी: ५०० पेक्षा कमी. प्रश्न ‘कमी भरतंय का’ असा आहे, म्हणून डावी बाजू एकच. हे आकडे बघण्याआधी ठरवायचं. सरासरी कमी आलेली बघून मग डावी बाजू निवडली तर पातळी ५ टक्के राहत नाही. प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या सरासरीतला अपेक्षित चढउतार) ८ भागिले √१६, म्हणजे २. (वर्गमूळ विसरून थेट ८ ने भागलं तर −०.४२५ येतं. ती एका बाटलीची गोष्ट झाली, सरासरीची नाही.) मग −३.४ भागिले २ = −१.७. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण ८ मिली हे नमुन्यातूनच काढलंय, समष्टीचं माहीत नाही. म्हणून झेड नाही, टी. स्वातंत्र्य मात्रा (इथे बाटल्यांपेक्षा एक कमी) १५. कोष्टकातली सीमा १.६४५ नव्हे, १.७५३. तुमचा १.७ नेमका या दोघांच्या मधे पडतो, पेपर काढणाऱ्याने तो मुद्दाम तिथे टाकलेला असणार. पी-व्हॅल्यू सुमारे ०.०५५ येते. निर्णय उलटला! टी-वितरण याच कारणासाठी आलं. १९०८ साली गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते मांडलं, कारण मद्यनिर्मितीच्या कामात त्यांना मोजकेच नमुने हाताशी मिळायचे आणि लहान नमुन्यात प्रमाण विचलनाचा अंदाजही डळमळीत असतो.

याच गणितात आणखी एक सापळा आहे, कॅल्क्युलेटरचा. प्रमाण विचलनाची दोन बटणं असतात: एक १५ ने भागणारं, एक १६ ने. कच्चे आकडे टाकून चुकून दुसरं दाबलंत तर ८ ऐवजी ७.७४६ येईल, प्रमाण त्रुटी १.९३६, आणि टी −१.७५६. सीमा १.७५३. केसाच्या अंतराने पलीकडे, आणि निष्कर्ष चुकीचा. दोन बटणांपैकी मोठा आकडा देणारं ते तुमचं.

सूत्राइतकंच महत्त्वाचं, पण उत्तरपत्रिकेत कुणी लिहीत नाही ते म्हणजे गृहीतकं. १६ बाटल्या यादृच्छिक आणि परस्पर स्वतंत्र हव्यात. एकाच नळीखालून लागोपाठ उचलल्या असतील, तर त्या एकमेकींसारख्याच असतात आणि √१६ ने भागण्याचा हक्क राहत नाही. नमुना लहान, म्हणून भरण्याचं वितरणही साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) असायला हवं. एखादी बाटली ४७० ची निघाली असेल तर आधी तिच्याकडे बघा.

निष्कर्षात ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ लिहू नका. असं लिहा: ‘टी = −१.७०, स्वातंत्र्य मात्रा १५, पी सुमारे ०.०५५, ५ टक्के पातळीवर, यंत्र सरासरी ५०० मिलीपेक्षा कमी भरतं असं म्हणण्याइतका पुरावा या नमुन्यात नाही.’ ‘यंत्र ठीक आहे’ असा याचा अर्थ मुळीच नाही. समजा यंत्र खरोखरच सरासरी ४९६.६ भरत असेल आणि विचलन ८ असेल, तर १६ बाटल्यांची ही चाचणी साधारण निम्म्याच वेळा ते पकडेल. हाच ३.४ मिलीचा फरक आणि हेच विचलन ६४ बाटल्यांत दिसलं असतं, तर प्रमाण त्रुटी १ झाली असती, टी −३.४, आणि १ टक्का पातळीवरही शून्य परिकल्पना नाकारली गेली असती.