बाबांची बायपास सुखरूप झाली. बोललेला नवस कसा फेडायचा: आधी इंदूरचं खजराना गणेश मंदिर की घरचा सत्यनारायण?

आधी खजराना. ऑपरेशनच्या वेळी आईने देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं असं तुम्ही लिहिलंय, तर नवस पुरा झाल्यावरचं सुलटं आता आईनेच काढावं. नेमकी तीच जागा शोधत बसू नका, खुणांवर खुणा पडलेल्या असतात. तीन प्रदक्षिणा घाला आणि लाडू बोलली असेल तेवढेच ठेवा. बुधवार आणि चतुर्थी टाळा, तेव्हा गर्दी असते. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे बाबांना गर्दीत नेऊच नका. त्यांच्या वतीने घरच्यांनी केलेलं चालतं.

सत्यनारायणासाठी पौर्णिमेची वाट पाहायची गरज नाही. कोणत्याही दिवशी, संध्याकाळी करावा असं पोथीतच आहे. खरी चूक होते ती पुढे ढकलण्यात. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याने मुलगी झाल्यावर "तिच्या लग्नात करू" म्हटलं, लग्नातही राहिलं, आणि पुढे चोरीच्या आळाने तुरुंगात पडला. म्हणून "बाबा पूर्ण बरे झाले की मोठा करू" असं मनात असेल तर सोडून द्या. चार माणसांतला छोटा करा, पण याच महिन्यात करा.

संकल्पाआधी गुरुजींना स्पष्ट सांगा की हे फेडणं आहे. नाहीतर नेहमीचं "आरोग्य, ऐश्वर्य मिळावं" एवढंच म्हटलं जातं आणि ज्यासाठी बसलात त्याचा उच्चारच होत नाही. बाबांचं नाव, गोत्र आणि दुखणं निवारल्याबद्दल ही पूजा, इतकं संकल्पात आलंच पाहिजे. त्या दिवशी नवं मागणं घालू नका. माझ्या मते आभाराच्या पूजेत ते शोभत नाही. यजमान तुम्ही व्हा. बाबांना खुर्चीवर, धूप-उदबत्तीपासून लांब बसवा. उपास त्यांनी करायचा नाही, गोळ्या वेळेवरच.

प्रसाद: सव्वा वाटी रवा, तेवढंच साजूक तूप, तेवढीच साखर, तीन वाट्या दूध, एक पिकलं केळं, वेलची, बेदाणे. पंधरा-वीस जणांना हाता-हातावर पुरतो. रवा तुपात मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा; तूप कडेने सुटू लागलं आणि खमंग वास आला की केळ्याच्या चकत्या घालून दोन मिनिटं परता. आधी घातल्या तर करपून कडू होतात. दूध उकळतं हवं, गार दुधाने गुठळ्या होतात. झाकण ठेवून रवा पूर्ण फुलू द्या, मगच साखर घाला. साखर आधी पडली की ती पाणी ओढून घेते आणि कण टचटचीत राहतो. बाबांना चमचाभरच द्या. सव्वा किलोचा करायचा असेल तर सियागंजातून (इंदूरच्या घाऊक किराणा बाजारातून) जाड रवा आणा, बारीक रव्याचा गोळा होतो.

शेवटच्या आरतीनंतर लोक उठून निघतात, त्यांना दारातच अडवून प्रसाद द्या. कथेत साधुवाण्याची मुलगी कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेताच धावली होती. जे आले नाहीत, त्यांच्याकडे त्याच रात्री डबा पोचवा. दुधाचा शिरा उन्हाळ्यात सकाळपर्यंत टिकत नाही.